स्टंटराव

तंजावरच्या मराठी वस्तीत आडनावावर विसंबून माणूस शोधायला निघालात, तर संध्याकाळपर्यंत फिरत राहाल. तिथे जो तो राव. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागोमाग जे इकडे उतरले, त्यांच्यापैकी कित्येकांची मूळ आडनावं कावेरीत वाहून गेली आणि राव तेवढे काठाला लागले. त्यामुळे राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत माणसं कामावरून ओळखली जातात. बँकराव, एलआयसीराव, सरस्वती महालात जाऊन मोडीची बाडं उलगडणारे लायब्ररीराव, आणि लग्नात पानावर बसल्या बसल्या साखरेचा आकडा सांगणारे शुगरराव. याच मांदियाळीत एक स्टंटराव आहेत. माझ्या मेहुणीचे चुलतसासरे. घरात त्यांना अण्णा म्हणतात.

स्टंटराव म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो देह उभा राहिला असेल, तो पुसून टाका. अण्णांचं वजन पन्नास किलोच्या अलीकडेच कुठेतरी थांबलेलं. कपाळाला विभूती, नाकावर दोरी बांधलेला चष्मा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली वेष्टी. सरकारी नोकरीत आयुष्यभर शिक्के मारले, तेही हलक्या हाताने. पण संध्याकाळी टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूई लागलं की हा माणूस खुर्चीच्या काठावर येतो आणि एकेका ठोशावर सराफाने नाणं पारखावं तसा शेरा मारतो. “हा बरा.” “ह्याने पाय उशिरा आपटला.” “अय्यय्यो, हा खरंच लागला! दोघांत भांडण आहे काय?”

नोकरी लागण्याआधीची काही वर्षं अण्णा मद्रासला कोडंबाक्कमच्या स्टुडिओंतून फाइट मास्टरांच्या हाताखाली होते. कुठल्या सिनेमात दिसता, असं विचारलं की ते प्रामाणिकपणे सांगतात, “दिसत नाही. पाठ दिसते.” हिरोला चेहरा असतो आणि मार खाणाऱ्याला पाठ, अशी या धंद्याची वाटणी. मडक्यांच्या उतरंडीवर, भाजीच्या गाडीवर, काचेच्या दारातून आणि एकदा तर खऱ्या म्हशीवर पडलेली ती पाठ आता ऊंजलवर, म्हणजे घरातल्या झोपाळ्यावर, टेकलेली असते. म्हशीबद्दल जास्त विचारू नये. तिला फाइट मास्टरने काही सांगितलेलं नव्हतं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे १९१२ साली शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, तेव्हापासून खरी कुस्ती कोणती हे आम्हाला कुणी सांगायचं नसतं. कुस्तीत गुद्दा मारला की तो पैलवान नव्हे आणि जोड आधी ठरवून लढली तर ती ‘नुरा’. आणि नुरा हा शब्द आमच्या तालमीत आईवरच्या शिवीच्या एकच पायरी खाली. अण्णांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “कोल्हापूर,” – ते मला गावाच्याच नावाने हाक मारतात – “खरं मारायला काय लागतं? राग. तो कुणालाही येतो. खोटं मारायला समोरच्यावर प्रेम लागतं.” एवढं बोलून त्यांनी डवऱ्यातली कॉफी टंबळरमध्ये हातभर उंचीवरून ओतली. एक थेंब सांडला नाही. मला वाटतं, वादाचा निकाल तिथेच लागला.

मी तिथे होतो त्या वर्षी गणपतीत मराठी मंडळींनी नाटक बसवायला घेतलं होतं. विषय शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे यांची १६७७ सालची तिरुमळवाडीची भेट. इतिहास एवढाच की सावत्र भाऊ भेटले, थोरल्याने वडिलांच्या दौलतीतला वाटा मागितला, आणि धाकटा एका रात्री गुपचूप नदी ओलांडून तंजावरला निघून आला. अण्णांनी मधल्या जागेत फाइट घातली. लायब्ररीराव खवळले. “दोघांची हातघाई झाल्याचा एका ओळीचा पुरावा दाखवा!” अण्णा म्हणाले, “पुरावा नाही म्हणजे खूण राहिली नाही. खूण राहिली नाही म्हणजे फाइट उत्तम झाली.”

तालीम गच्चीवर. शिवाजी अकरावीला आणि व्यंकोजी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यामुळे “शिवाजीची ट्यूशन सुटायचीय”, “व्यंकोजीला एक विषय राहिलाय” असे इतिहासाला अपरिचित निरोप येत. गच्ची सिमेंटची, तिच्यावर पाय आपटला तर फक्त टाच दुखते. म्हणून अण्णांनी जुन्या वाड्याच्या दाराची एक फळी विटांवर आडवी ठेवली होती. टीव्हीवरच्या रिंगणातही लोखंडी तुळयांवर लाकडी फळ्या, वर बोटभर फोम आणि कॅनव्हास असतो; माणूस पडला की सगळं मिळून ढोलासारखं वाजतं. “अर्धी मारामारी सुताराची,” अण्णा म्हणत.

पहिल्या दिवशी त्यांनी कुणाला हात उचलू दिला नाही. नुसतं बघायचं. “आधी त्याच्या डोळ्यांत बघ. त्याने बघितलं काय, ते बघ. त्याने बघितलेलं तू बघितलंस, हे त्याला कळलं काय ते बघ. मग मार.” व्यंकोजी म्हणाला, “एवढ्या वेळात शिवाजी पळून जाईल.” “पळून तू जाणार आहेस,” अण्णा म्हणाले, “इतिहास वाच.”

मग मूठ. नवशिका मूठ आवळतो आणि तिथेच बिघडतं, कारण आवळलेल्या मुठीने गालाचं हाड फुटतं किंवा स्वतःच्या करंगळीमागचं हाड मोडतं. खऱ्या भांडणातून दवाखान्यात येणारे बरेचसे हात तिथेच मोडलेले असतात. अण्णांची मूठ दिसायला बंद आणि आतून सैल. त्यांनी माझी बोटं एकेक करून दुमडून दाखवली, अंगठा बाहेर ठेवला आणि मनगटाला टिचकी मारून म्हणाले, “इथे जीव नको. जीव खांद्यात.” हात खांद्यामागून असा आणायचा की शेवटच्या रांगेतल्या आजीलाही कळावं, हा आता मारणार. कंबर वळली पाहिजे, दात दिसले पाहिजेत, कपाळाची शीर दिसली तर देवाची कृपा. सगळा वेग वाटेत खर्च करायचा आणि गालाशी पोचेपर्यंत हातात काही शिल्लक ठेवायचं नाही. बोटांचा सपाट भाग कानाच्या पुढे, गालफडाच्या मऊ जागी नुसता टेकवून पुढे न्यायचा. नाक नको, दात नकोत, कानशील तर नकोच नको. आणि टेकतो त्याच क्षणी पुढचा पाय फळीवर धाडकन. “आवाज पायाचा, नाव हाताचं.”

मला हे सोपं वाटलं होतं. करायला गेलो तर पाय आधी वाजला, हात मागून आला, आणि मधल्या पोकळीत शिवाजीने जांभई दिली.

पण अण्णांच्या मते मारणारा हा हमालच. ठोसा घडवतो तो खाणारा. त्यासाठी त्यांनी जी गुरू नेमली होती ती तंजावरच्या कुठल्याही दुकानात मिळते. तलयाट्टी बोम्मै, मान डोलवणारी बाहुली. एका जातीची बाहुली नाचरी असते, तिचं डोकं, धड, घागरा वेगवेगळे, एकावर एक टांगलेले. दुसरी गोल बुडाची, राजा नाहीतर राणी. बूड मातीने जड केलेलं, कितीही आडवी पाडा, उठून बसते. अण्णांनी दोन्ही कठड्यावर मांडल्या आणि नाचरीच्या गालाला बोट लावलं. “बघा. बोट लागलं. डोकं लगेच हललं काय? नाही. क्षणभर विचार केला. मग डोकं गेलं, मग खांदा, मग कंबर, शेवटी घागरा. तुम्ही सगळे एकदम पडता. पोतं पडतं तसे.” मग राजाला आडवा केला. “आणि हा, उठताना कसा उठतो? झोकांड्या खात. मार खाल्लेला माणूस एस्कलेटरवरून आल्यासारखा वर येत नाही.”

पडण्याचे नियम मात्र ते हसून सांगत नसत. हनुवटी छातीला, म्हणजे डोक्याचा मागचा भाग आपटत नाही. जीभ आत, दातावर दात. श्वास सोडत पडायचं. पाठ सगळी एकदम टेकवायची आणि दोन्ही तळहात बाजूला आपटायचे, म्हणजे मार एका जागी न बसता वाटला जातो. हे सांगताना ते मुलांना गादीवर पुन्हा पुन्हा पाडत आणि प्रत्येक वेळी आपला हात त्यांच्या मानेखाली ठेवत. तो हात प्रेक्षकांना कधी दिसायचा नव्हता.

व्यंकोजीने एकदा घाईत खरीच लगावली. शिवाजीचा ओठ सुजला. अमेरिकेतल्या रिंगणात अशा चुकून लागलेल्या फटक्याला बटाटा म्हणतात आणि ज्याने बटाटा खाल्ला तो संधी साधून परत देतो, ती पावती. अण्णांना ही परिभाषा नातवांकडून कळली, आणि हिशेबी खात्यात आयुष्य गेल्यामुळे ती फार आवडली. गच्चीवर तेव्हापासून बटाट्यांची रीतसर नोंद होऊ लागली. पावती मात्र त्यांनी बंद केली. “इथे उधारी राहू द्या,” म्हणाले. “वसूल करायला लागलात तर नाटक संपेल आणि कुस्ती सुरू होईल. काय, कोल्हापूर?”

सिनेमापेक्षा रिंगण अवघड, हे त्यांचं आवडतं प्रतिपादन. सिनेमाला डोळा एक. कॅमेरा मागे ठेवला की मूठ आणि गाल यांच्यात वीतभर अंतर असलं तरी चालतं, पुढे ‘ढिशुम’ घालणारा वेगळा बसलेला असतो. रिंगणाला चारही बाजूंनी डोळे. लपायला कोपराच नाही, म्हणून थोडा स्पर्श करावाच लागतो, आणि म्हणून हात हलका लागतो. शिवाय गंमत अशी की बंद मुठीचा ठोसा रिंगणाच्या नियमातही बसत नाही. पंच ओरडतो, पाचापर्यंत आकडे मोजतो, मारणारा चौथ्यावर थांबतो. अण्णा या पंचावर फिदा आहेत. “न लागणारा ठोसा, न पाळायचा नियम आणि शिक्षा न देणारा पंच! आपली नगरपालिकाच.”

अण्णांच्या दृष्टीने जगाच्या इतिहासातला महत्त्वाचा महिना म्हणजे जुलै १९८२. त्या महिन्यात बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात पुनीत इस्सरबरोबरच्या फाइटमध्ये अमिताभ बच्चनच्या पोटाला मार लागला आणि पुढे कित्येक दिवस अख्खा देश नवस बोलत होता. खोटा ठोसा, टेबलाचा कोपरा, आणि अंदाज जरासा चुकलेला. त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात जेरी लॉलर नावाच्या मेम्फिसच्या पैलवानाने अँडी कॉफमन या विनोदी नटाच्या अशी मुस्काटात ठेवून दिली की नट खुर्चीवरून खाली. लोकांना वाटलं, हाडवैर. त्या दोघांचं आतून गूळपीठ होतं, हे उघड व्हायला दहाहून अधिक वर्षं गेली. तोवर कॉफमन वारलाही होता. “एका महिन्यात दोन फाइट,” अण्णा बोट नाचवत म्हणतात. “आपलं खोटं होतं ते खरं निघालं. त्यांचं खरं होतं ते खोटं निघालं.” ठोसा मारण्यात हा लॉलर जगात पहिला, असंही ते वर सांगतात. मी टीव्हीवर पाहिला. हात कुठे थांबतो ते मला दिसलं नाही. अण्णा म्हणाले, “कोल्हापूरला दिसलं असतं तर त्याला कुणी पैसे दिले असते काय?”

लायब्ररीराव पुराव्याशिवाय पाणी पीत नाहीत, म्हणून अण्णांनी एके दिवशी त्यांना थेट भरतमुनींच्या अंगावर घातलं. नाट्यशास्त्रात रंगभूमीवर शस्त्र कसं चालवायचं याचे चार न्याय सांगितले आहेत, आणि सक्त ताकीद आहे की भोसकायचं नाही, कापायचं नाही, रक्त काढायचं नाही, खरा घाव घालायचा नाही, सगळं खुणेने. लायब्ररीरावांनी घरी जाऊन दहावा अध्याय काढला, वाचला, आणि दुसऱ्या दिवशी नाइलाजाने गच्चीवर आले. “आहे,” एवढंच म्हणाले. मग त्यांना स्फुरण चढलं. व्यंकोजीराजांच्या मुलाच्या, शहाजीराजांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटकं लिहिली गेली होती, हे ते मला ऐकवू लागले. “तुमचे विष्णुदास भावे १८४३! तोवर आमची नाटकं जुनी झाली होती!” मी भाव्यांच्या नाटकातल्या राक्षसांची आठवण काढली. राळेचा भडका उडवत, ‘अललडुर्र’ करत येणारे ते राक्षस. अण्णांनी लगेच विचारलं, “ते मारत कसे होते? पाय आपटत होते काय?” त्या बाबतीत मात्र सांगलीची आणि सरस्वती महालाची, दोघांचीही कागदपत्रं मुकी.

खरी भीती वाटायला लावणारी लढाई पाहायची तर मेलट्टूर, असं अण्णा म्हणतात. तंजावरपासून जवळच्या त्या गावी नृसिंह जयंतीला भागवत मेळा होतो. रात्रभर तेलुगूत प्रह्लादाचं नाटक, सगळी कामं पुरुषांची. नरसिंहाचा मुखवटा पूजेतला. तो चढवला की नटाच्या अंगात येतं, आणि हिरण्यकशिपूवर झेपावणाऱ्या त्या देवाला गावकरी अक्षरशः धरून ठेवतात. अण्णा तरुणपणी एकदा धरणाऱ्यांत होते. “तिथे ठोसा नाही, पाय आपटणं नाही. फक्त धरणारे. अंगावर काटा येतो. धरणारा जितका जोर लावेल तितका देव भयंकर.” मग जरा थांबून, “आणि एखाद्या वर्षी सोडलाच तर? हा विचार सगळ्यांच्या मनात असतो ना, तेच तिकीट.”

आता समोरच्या घरातल्या वाद्यारांबद्दल. वाद्यार म्हणजे मास्तर. हे तमिळ गृहस्थ शाळेत ड्रिल शिकवायचे, आणि सिनेमातल्या एमजीआरलाही लोक वाद्यारच म्हणत, याचा त्यांना अभिमान. अण्णांचं आणि त्यांचं वैर गल्लीला पाठ. कारण नारळ. झाड वाद्यारांचं, झावळी अण्णांच्या दारात. दर शुक्रवारी संध्याकाळी वर्दळ असताना भांडण सुरू होई. वाद्यार पायरीवर, अण्णा पायरीवर, मध्ये रस्ता. तमिळमधून एकमेकांच्या अकलेचा, मग पेन्शनचा, मग पूर्वजांचा उद्धार. सायकली थांबत. एकदा वाद्यार म्हणाले, तुम्ही मराठे बाहेरून आलात. अण्णा म्हणाले, तुमचा नारळही बाहेरूनच येतो, माझ्या डोक्यावर. मला काळजी वाटली. मी काकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, म्हटलं, मध्ये पडू काय?

काकू तांदूळ निवडत होत्या. “पाय बघा,” म्हणाल्या.

मी पाहिलं. ऐन शिव्यांच्या भरात, प्रत्येक वाक्याच्या शेवटी, दोघेही पायरीवर पाय आपटत होते. आणि बोलण्याआधी एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते. रात्री जेवणं झाल्यावर मागच्या दाराने वाद्यार आले, कॉफी प्याले, आणि “आज पूर्वजांवर जरा लवकर गेलास, मी पेन्शनवरच होतो,” अशी तक्रार करून गेले. अण्णांनी चूक कबूल केली. तेव्हाच त्यांच्यात १२ जानेवारी १९६७ चा विषय निघाला. त्या दिवशी एम. आर. राधा या नटाने एमजीआरच्या घरी जाऊन त्याच्यावर खरी गोळी झाडली होती. एमजीआर वाचला, आवाज मात्र कायमचा बदलला. वाद्यारांना ते अजून सहन होत नाही. “आयुष्यभर सिनेमात व्हिलन नंबियारने मारलं तरी एक ओरखडा नाही,” ते म्हणाले, “आणि घरी आलेल्या पाहुण्याने...”

सगळ्या घरात खरं मारणाऱ्या एकट्या काकू. त्यांचा आवाज कधी चढत नाही, पाय वाजत नाही, हात मागून येत नाही. “निवृत्त झालात ना? मग विश्रांती घ्या, मला,” असं एखादं वाक्य त्या चटणी वाढता वाढता टाकतात, आणि अण्णा बाहुलीसारखे क्षणभर थांबून मग हलतात. हा अभिनय नसतो.

नाटक झालं. शिवाजीने आवाज चढवला, व्यंकोजीने वाटा नाकारला, डोळे डोळ्यांना भिडले, आणि पहिला ठोसा असा बसला की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी “अय्यो, पोराला मारलं!” म्हणून कोळुकट्टैची, म्हणजे मोदकांची, वाटी टाकली. शिवाजी क्षणभर विचार करून, आधी डोकं, मग खांदा, मग कंबर, असा नीट क्रमाने पडला. व्यंकोजी नदी ओलांडून गेला तेव्हा लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, हे इतिहासाला धरून नसावं. पुढच्याच रांगेत, वैर असूनही, वाद्यार बसले होते. प्रत्येक ठोशाला त्यांचा पाय खुर्चीखाली हलत होता.

पडदा पडल्यावर खरी पंचाईत झाली. बँकराव अण्णांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “अण्णा, मलाही एक द्या की.” अण्णांनी दिला. बँकराव गादीवर असे कोसळले की त्यांच्या मुलीला रडू फुटलं, आणि उठले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. मग एलआयसीराव आले, चष्मा, पेन, दातांची कवळी अशी सगळी जोखीम काढून ठेवून. मग शुगरराव. मग लायब्ररीराव. त्यांनी पडताना “पुरावा!” अशी आरोळी ठोकली, ती नाटकात नव्हती. बघता बघता रावांची रांग लागली. तिच्यात मीही होतो. हे कोल्हापूरला कुणी कळवू नये.

रांगेच्या शेवटी काकू दिसल्या, पदर खोचून उभ्या.

“तू कशाला?” अण्णा चपापले. “तुला मी कसा मारू?”

“मी खायला नाही आले,” काकू म्हणाल्या. “द्यायला आलेय.”

अण्णांनी मुकाट्याने चष्म्याची दोरी मानेतून काढली, हनुवटी छातीला लावली आणि दातावर दात धरले. वाद्यार पुढे झाले, चष्मा आपल्या हातात घेतला, आणि काकूंच्या बाजूला उभे राहून त्यांनी आवाजासाठी पाय उचलला.